इनक्युबेटरचं दार

धाकटीचा हात पुन्हा इनक्युबेटरच्या दाराकडे गेला, तसा पलीकडच्या टेबलावरून तिच्यासोबत काम करणारा लंबू म्हणाला, "अगं, तो इनक्युबेटर आहे, फ्रिज नव्हे. भूक लागली असेल तर माझ्या डब्यात बघ काहीतरी."

"गप रे. नुसतं बघतेय."

"मघाशीही नुसतंच बघत होतीस. पेशींना वाटत असेल, कोण ही भोचक बाई, घटकाभर निवांत म्हणून बसू देत नाही."

धाकटी हसली, आणि हसता हसता तिनं दार उघडलंच. आतली उबदार, दमट हवा भसकन तोंडावर आली आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या. मधल्या फळीवर तिची प्लेट होती. तळहाताएवढी, प्लास्टिकची, आणि तिच्यात ओळीनं पाडलेल्या बारीक बारीक खाचा. त्या खाचांच्या तळाशी पेशी चिकटून बसलेल्या होत्या. बघून काय दिसणार होतं? नुसत्या डोळ्यांना तिथं लालसर पाण्यापलीकडे काही दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या. कधीकाळी कुणा एका बाईच्या शरीरातून काढलेल्या. ती बाई जाऊन जमाना लोटला, पण तिच्या पेशी बाटल्यांमधून वाढतच राहिल्या, या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत नांदत राहिल्या. लंबू त्यांना 'आजीबाई' म्हणायचा. सकाळी आल्या आल्या विचारायचा, "आजीबाईंना जेवायला घातलं का?" धाकटीला ते आधी गमतीचं वाटायचं. ताईच्या छातीत गाठ सापडल्यापासून ते तिला ऐकवेनासं झालं होतं.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. ताईनं शिलाई मशीनवर बसून तिला वाढवलं, शिकवलं, इथवर आणून सोडलं. ताईची गाठ काढून झाली होती आणि आता केमो चालू होती. निम्मे डोस झाले होते, निम्मे राहिले होते.

आणि धाकटी काम करत होती एका झुडपाच्या पाल्यावर. ते झुडूप ताईच्याच घरामागे, सांडपाण्याच्या पन्हळीशेजारी माजलेलं होतं. आई गळवावर त्याचा पाला वाटून बांधायची, एवढीच त्याची कीर्ती. प्रयोगशाळेत निरनिराळ्या औषधी झाडांचे अर्क या पेशींवर घालून बघायचं काम चालू होतं, तेव्हा धाकटीनं तिच्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं, "हेही बघू का?" मॅडम म्हणाल्या, "बघ की. पाल्याला काय तोटा?" मग तिनं पाला सावलीत वाळवला, कुटला, मद्यार्कात भिजत घातला, गाळला, आटवला. भांड्याच्या तळाशी डांबरासारखा काळपट हिरवा चिकटा उरला. तो अर्क.

प्लेटचं काम सोपं होतं. डावीकडून उजवीकडे अर्क वाढवत न्यायचा. डाव्या कडेच्या खाचांत नुसतं पाणी, त्यापुढच्या खाचांत नुसत्या पेशी, मग थोडा अर्क, मग जास्त, आणि उजव्या कडेला सगळ्यात जहाल. तीन दिवस उबेत ठेवायचं, आणि शेवटी एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात. मेलेल्यांना ते जमत नाही, तिथं पिवळं ते पिवळंच राहतं.

तिनं पहिली प्लेट वाचली, म्हणजे तिचे रंग तपासले, तर डावीकडे गर्द जांभळं आणि उजव्या कडेला स्वच्छ पिवळं. दुसऱ्या प्लेटला तेच. ही तिसरी. तिसरीचाही रंग तसाच उतरला, आणि त्या दिवशी धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं प्लेटचा फोटो काढला आणि संध्याकाळी थेट ताईकडे गेली.

ताई मशीनवर होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, भुवया विरळ झालेल्या. तिच्यासमोर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता, पण मशीन थांबलेलं होतं.

"काय गं शेपटे, आज इकडं कशी वाट चुकलीस?"

"ताई, हे बघ." धाकटीनं फोन तिच्या नाकासमोर धरला. "हे जांभळं ते जिवंत. आणि हे पिवळं..."

"मेलेलं?"

"मेलेलं. आपल्या मागच्या झुडपानं मेलेलं!"

ताईनं फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. भावोजी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि तिच्या खांद्यावरून डोकावले. "म्हणजे एवढे दिवस आम्ही औषधावर भांडी घासल्याचं पाणी ओतत होतो म्हणा की."

तिघंही हसली. धाकटीला आठवलं, ताई सगळ्यात शेवटी हसली होती. पण हे आठवलं फार नंतर.

*

आठवडा सरायच्या आत भावोजींचा फोन आला. ते कुठल्या तरी दुकानासमोर माल उतरवत होते, मागे खोकी आदळल्याचे आवाज येत होते.

"ऐक, तुझ्या ताईनं केमोला जायचं नाही म्हणून सांगितलंय. तुझ्या पाल्याचं पाणी घेते आहे. सकाळ-संध्याकाळ पेलाभर."

"काय?"

"मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या केमोनं तिची काय दशा केली ते मी बघतोय. पण म्हटलं, तुला विचारावं. तूच तर म्हणालीस ना?"

धाकटी फोन तसाच धरून आठवू लागली. मी काय म्हणाले? मी फोटो दाखवला. पण ताईच्या डोळ्यांपुढे तो फोटो धरून आपण तिला काय सांगत होतो, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ती तशीच उठून गेली. घरात शिरताच कडवट वास नाकात बसला. शेगडीवर पातेलं होतं आणि त्यात हिरवं पाणी रटरटत होतं. भिंतीशी गणवेशांचा ढीग तसाच पडलेला होता, उलट वाढला होता.

"ताई, हे बंद कर."

"का? तुझंच औषध."

"औषध नाही गं ते! प्लेटमध्ये पेशी मरणं वेगळं. तिथं मिठाचं पाणी जास्त झालं तरी मरतात. साबणानंही मरतात. माणसाच्या अंगात गेल्यावर काय होतं ते कुणाला माहीत? यकृताला बाधलं तर? केमोच्या आड आलं तर?"

"मिठाचा फोटो नाही दाखवलास मला," ताई शांतपणे म्हणाली. "साबणाचाही नाही. याचा दाखवलास."

ताईनं पातेलं उतरवलं, पेल्यात गाळलं आणि धाकटीच्या देखत फुंकर मारत मारत प्यायली. तोंड वाकडं झालं, पण पेला रिकामा केला.

"मी पुन्हा करून बघते," शेवटी धाकटी म्हणाली. "नीट बघते. तोवर हे घेऊ नकोस."

"बघ. केमोची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. तुझी प्लेट काय म्हणते ते सांग, मग ठरवू."

"आणि तोवर हे पाणी?"

"बरं, तोवर नाही घेत. झालं?"

बाहेर पडल्यावर धाकटीच्या लक्षात आलं, आपण ताईचा जीव त्या तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर नेऊन ठेवलाय. पण आता शब्द गेला होता.

*

तिनं निरोगी पेशींची प्लेट लावायचं ठरवलं. औषध म्हणायचं तर कर्करोगाची पेशी मरायला हवी आणि चांगली वाचायला हवी. ताईला खरं-खोटं सांगायला हीच प्लेट उपयोगी पडली असती. पण प्लेट आत ठेवली तसा तिचा जीव टांगणीला लागला. ती टेबलाशी बसे, उठे, हात धुवे, पुन्हा बसे. आणि मधूनमधून जाऊन दार उघडे. एकदा तर दार उघडून, आपण कशाला आलो होतो तेच विसरून, तोंडावर ऊब घेत नुसती उभी राहिली.

प्लेट वाचली. चांगल्या पेशीही उजव्या कडेला पिवळ्या.

"म्हणजे विषच आहे ते," लंबू म्हणाला. "सरसकट सगळ्यांना मारतंय."

धाकटीला ते पटेना. विष असतं तर आदल्या खाचांतही थोडा तरी फरक दिसायला हवा होता. तिथं अर्क काही फार कमी नव्हता, आणि जांभळं मात्र गर्द होतं. कडेलाच एकदम काय व्हावं? तिनं प्लेट उचलून डोळ्यांच्या रेषेत धरली, जशी ताई शिवण सरळ आलीय का ते बघायला कापड धरायची. आणि तिला दिसलं. कडेच्या खाचांतलं पाणी इतरांपेक्षा खाली गेलेलं होतं. थोडंसंच. पण खाली.

तिनं इनक्युबेटर उघडला आणि गुडघ्यावर बसली. सगळ्यात खालच्या फळीवर पाण्याचा पसरट ट्रे असतो. हवा दमट राहावी म्हणून. तो जवळजवळ कोरडा होता, तळाशी पांढरे डाग उरले होते.

तिनं तिथंच बसून सगळा हिशेब लावला. डाव्या कडेला पेशीच नसतात, तिथं नुसतं पाणी. वरच्या आणि खालच्या ओळी ती रिकाम्या सोडायची, पेशी कमी लागाव्यात म्हणून. उरली उजवी कड. प्रत्येक वेळी सगळ्यात जहाल अर्क तिथंच. आणि ती दिवसभर दार उघडत होती. दार उघडलं की दमट हवा बाहेर. कडेच्या खाचा आधी सुकणार. सुकल्या की आतलं पाणी खारट, दाट होणार आणि पेशी मरणार. अर्क असो वा नसो.

"लंबू," ती जमिनीवरूनच म्हणाली, "तू मला ओरडला का नाहीस रे?"

"रोज ओरडत होतो की! तू म्हणायचीस, गप रे."

तिनं ट्रे काठोकाठ भरला. नवी प्लेट लावली. या वेळी जहाल अर्क मध्यभागी, आणि उजव्या कडेला नुसत्या पेशी, त्यांत अर्काचा थेंब नाही. दोन प्लेटी केल्या. एक या इनक्युबेटरमध्ये, त्याचं दार ती पूर्वीसारखंच उघडत राहणार होती. दुसरी शेजारच्या इनक्युबेटरमध्ये, आणि त्या दाराला लंबूनं चिकटपट्टी आडवी लावली. पट्टीवर लिहिलं, 'आजीबाई झोपल्या आहेत.'

"काढलीस तर महिनाभर चहा तुझ्याकडून," त्यानं बजावलं.

प्लेटी वाचायचा दिवस आणि ताईच्या केमोचा दिवस एकच आला होता.

मधले दिवस तिनं कसे काढले, ते तिचं तिला माहीत. एका दाराशी जाऊन उघडायचं, तर मन म्हणायचं, मुद्दाम कशाला मारतेस? दुसऱ्या दाराशी जायचं, तर पट्टीवरची अक्षरं वाचून हात मागे घ्यायचा. घरी जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. मॅडमनी विचारलं, "काय गं, तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली, "हो मॅडम," आणि मॅडमच्या टेबलावरचा स्टेपलर उगाचच सरळ करून ठेवला. मनातल्या मनात तिला काय हवं होतं? अर्क खरा निघावा असं वाटायचं. लगेच वाटायचं, खरा निघाला तर ताई केमोला जाणारच नाही. मग वाटायचं, खोटा निघावा. आणि खोटा निघाला तर ताईकडे कुठल्या तोंडानं जाणार?

त्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिनं दोन्ही प्लेटींत पिवळा रंग घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. लंबूनंच त्या बाहेर आणल्या.

"बघ."

जिचं दार उघडत राहिली त्या प्लेटच्या कडेला पिवळं पडलं होतं. अर्काचा थेंबही नसलेल्या पेशी, मेलेल्या. चिकटपट्टीच्या दारामागच्या प्लेटमध्ये कडेपर्यंत जांभळं होतं. आणि मध्यभागी, जिथं सगळ्यात जहाल अर्क होता, तिथं जांभळं जरासं फिकट. डोळे बारीक करून पाहिलं तर.

मॅडमनी दोन्ही प्लेटी उजेडाला धरल्या. "इथं किंचित काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर पुढं काम करता येईल. पण आधीचं सगळं बाजूला ठेव." मग तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, होतं असं. कागदावर छापून यायच्या आधी कळलं, नशीब समज."

पण ते आधीच एका ठिकाणी छापलं गेलं होतं.

*

ताई घरीच होती, हॉस्पिटलला जायचे कपडे न घालता. मशीनशी बसून एका पांढऱ्या कॉलरला टाचण्या लावत होती. भावोजी दारात व्हॅनची किल्ली बोटावर फिरवत उभे. त्यांना काही कळत नव्हतं, निघायचं की थांबायचं.

धाकटी बसलीही नाही. उभ्याउभ्याच तिनं सांगून टाकलं. कडेच्या खाचा, कोरडा ट्रे, दार. "पाल्यानं नाही मेल्या, ताई. माझ्या दार उघडण्यानं मेल्या. मला राहवत नव्हतं म्हणून मी सारखी बघत होते. आणि बघून बघून मीच त्यांना मारलं."

ताईनं मान वर केली. धाकटीला वाटलं, आता ही रडणार. पण ताई हसायला लागली. अगदी पोट धरून.

"अगं, तू लहानपणी कुंडीत बी पेरायचीस, आठवतं का? आणि रोज उकरून बघायचीस, मूळ फुटलं का म्हणून. एक म्हणून उगवलं नाही कधी! मी आईला म्हणायचे, ही पोरगी झाडांची वैरीण होणार."

भावोजीही हसले, पण किल्ली थांबली नाही. "मग? निघायचं?"

ताईचं हसू विरलं. "मी नाही येत."

"आता का?" धाकटी किंचाळलीच. "पाला खोटा निघाला ना!"

"निघाला तर निघाला."

आणि तेवढ्यात धाकटीला दिसलं. पांढऱ्या कॉलरवर तांबडा ठिपका उमटला होता, आणि तो पसरत होता.

"ताई, रक्त."

"कुठं?"

"बोटाला. टाचणी घुसलीय तुझ्या बोटात!"

ताईनं हात वर करून पाहिलं. टाचणी बोटाच्या पेरात अर्धी रुतलेली होती. तिनं ती उपटली, दुसऱ्याच्या हातातली उपटावी तशी. चेहऱ्यावर कळ उमटली नाही.

धाकटीनं भिंतीशी पडलेला गणवेशांचा ढीग पाहिला. वरचाच सदरा उचलला. शिवण नागमोडी गेलेली होती, दोनदा उसवून तिसऱ्यांदा घातलेली. ताईची शिवण.

"कधीपासून?"

"दोन डोस झाले तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या, आता काहीच येत नाही. बटण हातात धरलंय की नाही, बघितल्याशिवाय कळत नाही." ताई बोटाला कापडाची चिंधी गुंडाळत होती आणि गाठ काही बसत नव्हती. "राहिलेले डोस घेतले तर हे हात जातील. हात गेले तर मी जगून करू काय? भिंतीकडे बघत बसू?"

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? म्हणतील, जीव मोठा का बोटं मोठी? आणि त्यांचंही खरंच आहे. म्हणून बोलले नाही. तुझा फोटो बघितला आणि म्हटलं, सुटले. एक वाट मिळाली बाई."

भावोजी तिथंच उंबऱ्यात बसले. "मला तरी सांगायचंस," ते म्हणाले. "रोज मी तुझ्या हातचा चहा पितो."

"कप खाली पडले नाहीत ना? मग."

धाकटीनं तिच्या हातातली चिंधी घेतली आणि गाठ मारून दिली. मग तो हात तसाच धरून ठेवला. "ताई, मला काही माहीत नाही. तू म्हणशील ती तुझी बोटं, तुझा जीव. पण हे त्यांना सांग. मघाशी मला सांगितलंस तसंच. पाल्याचं पाणीही सांग. एवढं कर. मग म्हणालीस नको, तर मी परत घेऊन येते."

"शपथ?"

"शपथ."

ताई उठली. रुमाल सारखा केला. "ती कॉलर पाण्यात टाक," ती भावोजींना म्हणाली. "डाग बसेल."

*

डॉक्टर ताईच्याच वयाच्या होत्या. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांवर एकेक करून कापसाची बारीक काडी टेकवली. "आता? आता? हे कळलं?" ताई बराच वेळ गप्पच होती. पाल्याचं ऐकून त्या वैतागल्या, धाकटीकडे पाहून जास्तच. यकृत ठीक आहे का ते बघितल्याशिवाय आज काही देणार नाही म्हणाल्या, आणि रक्त तपासायला पाठवलं.

"बोटांचं तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तरच कळणार आम्हाला. ते औषध बदलता येतं. डोसही कमी करता येतो. गेलेलं सगळं परत येईल असं मी लिहून देत नाही. बऱ्याच जणींचं हळूहळू सुधारतं. तुमचं किती सुधारेल, ते बघावं लागेल."

"मी शिवणकाम करते," ताई म्हणाली.

"म्हणूनच सांगतेय."

ताईनं दोघांकडे पाहिलं. भावोजींची किल्ली आता खिशात होती.

"द्या मग," ताई म्हणाली. "रक्त ठीक असलं तर."

रक्ताचा अहवाल ठीक आला. दुपार कलली तेव्हा ताईच्या हाताला सलाईन लागलं. धाकटी शेजारच्या स्टुलावर बसली, उठली, पिशवीकडे पाहिलं, नळी सरळ केली, पुन्हा बसली, पुन्हा उठून थेंब पडताहेत ना ते बघायला वाकली. नर्सनं एकदा तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"शेपटे," ताई डोळे न उघडता म्हणाली.

"काय गं? दुखतंय?"

"खाली बस. उकरू नकोस."

धाकटी बसली. हात मांडीखाली दाबून धरले. ताई दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होती, एकेक पेर, पुन्हा पहिल्यापासून. काही कळतंय का ते धाकटीनं विचारलं नाही. विचारायला ती दोनदा तोंड उघडून थांबली.